नवाहो चित्रकला : कळप, माग आणि होगान

एक स्त्री जमिनीवर बसून उभ्या मागावर घोंगडी विणते आहे. शेजारी लाकडी पाळण्यात घट्ट गुंडाळलेले मूल आहे. दुसरी स्त्री लोकर विंचरते आहे, तिसरी लांब टकळीवर सूत कातते आहे. पलीकडे एखादी शेळी, एखादे कुत्रे. मागे क्षितिज नाही. आकाश म्हणजे कागदाचा मोकळा रंग आणि जमीन म्हणजे गवताचे दोन-चार झुबके. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो चित्रकारांनी १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत काढलेली चित्रे पाहू लागले, की अशी दृश्ये पुन्हा पुन्हा भेटतात. मेंढ्या राखणारी मुले, घोड्यावरून पेढीवर निघालेले कुटुंब, रात्रीच्या शेकोटीभोवतीचे नृत्य असे नित्याच्या जगण्यातले विषय त्यांत येतात. ते शांत, नेमक्या रेषेत आणि स्वच्छ, सपाट रंगांत मांडलेले असतात.

प्रथमदर्शनी ही चित्रे निरागस, किंबहुना जरा गोडच वाटतात. मात्र ज्या काळात ती रंगवली गेली, तो काळ नवाहो समाजासाठी मुळीच शांत नव्हता. चित्रात जे जगणे अविचल दिसते, ते प्रत्यक्षात त्याच वर्षांत मुळापासून हलत होते. हा संदर्भ ठाऊक असला, की चित्रातली प्रत्येक मेंढी वेगळी दिसू लागते.

दिने आणि त्यांचा देश

ज्यांना आपल्याकडे अजूनही सरसकट 'रेड इंडियन' म्हटले जाते, त्या शेकडो स्वतंत्र समाजांपैकी नवाहो हा एक मोठा समाज होय. ते स्वतःला 'दिने' म्हणजे 'लोक' असे म्हणवतात. अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला त्यांचा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे. १९६९ पासून त्याला अधिकृतपणे 'नवाहो नेशन' म्हटले जाते. नोंदणीकृत सदस्यांची संख्या आज चार लाखांच्या आसपास आहे. चार दिशांचे चार पवित्र पर्वत ही त्यांच्या पारंपरिक भूमीची सीमा मानली जाते.

या समाजात कूळ आईकडून चालते. पारंपरिक घराला 'होगान' म्हणतात. लाकूड आणि माती यांचे हे गोल वा अष्टकोनी घर नेहमी पूर्वेकडे दार करून बांधले जाते. स्पॅनिश लोकांबरोबर आलेली मेंढी नवाहोंनी इतकी आपलीशी केली, की तिच्याभोवती त्यांचे अन्न, वस्त्र, नाती आणि प्रतिष्ठा यांची घडी बसली. विणकाम 'कोळी-स्त्री' या दैवी व्यक्तीने शिकवले, अशी त्यांची श्रद्धा आहे. कळपातील जनावरे बहुधा स्त्रियांच्या मालकीची असत आणि माग तर त्यांचाच असे.

हे जगणे एकदा पूर्ण उद्ध्वस्त झाले होते. १८६३-६४ मध्ये अमेरिकी लष्कराने नवाहोंची शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या, कळप मारले आणि हजारो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागातील बॉस्क रेडोंडो येथील छावणीत नेले. 'लाँग वॉक' या नावाने ओळखली जाणारी ही पायपीट नवाहो स्मृतीतली सर्वांत खोल जखम आहे. १ जून १८६८ रोजी झालेल्या तहानंतर त्यांना मायभूमीत परतता आले. त्या तहात सरकारने १५ हजार मेंढ्या-शेळ्या देण्याचे कबूल केले होते. परतलेल्या लोकांनी त्या मोजक्या जनावरांपासून पुन्हा कळप वाढवले. म्हणून नवाहो चित्रातील कळप हा केवळ ग्रामीण देखावा नसतो; तो परत मिळवलेल्या आयुष्याचा पुरावा असतो.

न ठेवायची चित्रे

नवाहोंकडे चित्रांची फार जुनी परंपरा आहे; पण ती कागदाची नाही आणि टिकवून ठेवण्याचीही नाही. आजारी किंवा मनाने ढळलेल्या माणसाला पुन्हा समतोलात आणण्यासाठी होणाऱ्या विधींत गायक-वैद्य होगानच्या जमिनीवर वाळूचा थर पसरून त्यावर रंगीत दगडांची पूड, कोळसा, परागकण यांनी चित्र काढतात. आपल्याकडे रांगोळी सोडतात तशी ही पूड अंगठा आणि बोटांच्या चिमटीतून सोडली जाते. देवता, इंद्रधनुष्य, मका, पर्वत, वीज यांच्या आकृती ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या रंगांत येतात. रुग्ण त्या चित्रावर बसतो. विधी संपला की चित्र मोडले जाते आणि वाळू बाहेर नेली जाते. चित्राची शक्ती त्या विधीपुरती असते. ते जपून ठेवणे हा दोष मानला जातो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होस्टीन क्लाह या नामांकित गायक-वैद्याने वाळूचित्रांचे आकृतिबंध घोंगड्यांत विणले, तेव्हा समाजात मोठी अस्वस्थता पसरली होती. ज्ञान लोप पावू नये ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या सहकार्याने मेरी कॅबट व्हीलराइट यांनी १९३७ मध्ये सांता फे येथे उभारलेले संग्रहालय आज 'व्हीलराइट म्युझियम' या नावाने ओळखले जाते.

कागदावर चित्र काढणाऱ्या नवाहोंची पहिली नोंद १८८० च्या दशकातील आहे. न्यू मेक्सिकोतील फोर्ट विंगेट येथील लष्करी डॉक्टर आर. डब्ल्यू. शुफेल्ट यांनी 'चोह' नावाच्या नवाहो चित्रकाराविषयी लिहिले आहे. चोहने रेल्वेचे इंजिनही कागदावर उतरवले होते. १९०२ च्या सुमारास चाको कॅन्यन येथे केनेथ चॅपमन यांना एपी बीगे नावाचा चित्रकार भेटला. त्याच्याजवळ मोजक्याच रंगांच्या पेन्सिली होत्या. चॅपमन यांनी त्याला रंगीत खडू दिले. एपी बीगे याने मात्र विधींतल्या आकृती काढल्या होत्या. पुढच्या पिढीतील बहुतेक चित्रकारांनी नित्यजीवनाकडे वळण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण दिसते. पवित्र ते विधीसाठी राखून ठेवले, की कायमच्या चित्रासाठी उरते ते रोजचे जगणे.

सांता फेचा 'स्टुडिओ'

या चित्रांना चळवळीचे रूप आले ते एका शाळेत. अमेरिकी सरकारच्या वसतिशाळांनी आदिवासी मुलांना घरापासून दूर नेऊन त्यांचे केस कापले आणि त्यांच्या भाषेवर बंदी घातली. १९२८ च्या मेरियम अहवालाने या शाळांची दुरवस्था उघड केली आणि धोरण थोडे मवाळ झाले. अशा वातावरणात १९३२ मध्ये सांता फे इंडियन स्कूलमध्ये डोरोथी डन या शिक्षिकेने चित्रकलेचा वर्ग सुरू केला. तो 'स्टुडिओ' याच नावाने प्रसिद्ध झाला.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या डन यांचा आग्रह असा, की मुलांनी युरोपीय चित्रकलेची नक्कल करू नये. छायाप्रकाश नको, यथार्थदर्शन नको, मॉडेल समोर बसवून अभ्यास नको. घरी पाहिलेले, आजी-आजोबांकडून ऐकलेले आठवावे आणि कातळचित्रे, मडकी, घोंगड्या यांतील आपल्या वारशाकडे पाहावे, असे त्या सांगत. रंगीत मातीपासून रंग तयार करण्याचे प्रयोगही वर्गात झाले. ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंगलेपन, मोकळी पार्श्वभूमी आणि नेमका तपशील ही तिथे घडलेल्या शैलीची लक्षणे होती. वर्गात पुएब्लो, अपाची, सू अशा अनेक समाजांची मुले होती. डन १९३७ मध्ये शाळा सोडून गेल्या. त्यांच्यानंतर जेरोनिमा क्रूझ मोंतोया या त्यांच्याच पुएब्लो विद्यार्थिनीने दीर्घकाळ हा वर्ग चालवला.

वसतिशाळेच्या खोलीत, घरापासून शेकडो किलोमीटर दूर बसून, पंधरा-सोळा वर्षांची मुले आपले घर आठवून रंगवत होती. त्या चित्रांतला नीटनेटकेपणा आणि शांतता केवळ शिक्षिकेच्या शिस्तीतून आलेली नाही. होगानच्या दाराशी बसलेली आई दुरून जशी दिसते, तशी ती तिथे दिसते. नवाहो विचारात 'होझो' ही संकल्पना मध्यवर्ती आहे. सौंदर्य, समतोल आणि सुसंगती हे सारे त्या एका शब्दात सामावते. कळप चरतो आहे, माग चालू आहे, मूल झोपले आहे, अशा दृश्यात हा समतोल प्रत्यक्ष दिसतो.

चित्रात मेंढ्या, माळावर बंदुका

सांता फेच्या वर्गात मुले कळप रंगवत होती, त्याच वर्षांत त्यांच्या गावी कळप नष्ट केले जात होते. १९३३ मध्ये जॉन कॉलियर हे इंडियन व्यवहार खात्याचे आयुक्त झाले. आदिवासींचे धर्म, भाषा आणि कला यांचे ते खरे पाठीराखे होते. १९३५ मध्ये स्थापन झालेले इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड हे त्यांच्याच धोरणाचे फलित. पण नवाहो भूमीवर अतिचराईने मातीची धूप होत आहे आणि तो गाळ कोलोरॅडो नदीवरील नव्या बोल्डर धरणात साचेल, ही भीती सरकारला होती. त्यावर कळप कमी करण्याचा उपाय निघाला.

१९३३ मध्ये सुमारे एक लाख मेंढ्या आणि पुढच्या वर्षी दीड लाख शेळ्या कमी करण्याचे ठरले. मोठ्या मालकांना आपली म्हातारी, निरुपयोगी जनावरे देऊन मोकळे होता आले. लहान कुटुंबांचे मात्र जगण्याचे साधनच गेले. शेळ्या म्हणजे गरिबाघरचे दूध आणि मांस. त्या मुख्यतः स्त्रियांच्या होत्या आणि निर्णय घेणाऱ्या परिषदेत स्त्रियांचा आवाज नव्हता. जी जनावरे रेल्वेपर्यंत नेणे परवडत नव्हते, ती दऱ्याखोऱ्यांत गोळ्या घालून तिथेच टाकण्यात आली. जनावर वाया घालवणे हे पाप मानणाऱ्या समाजाने हे उघड्या डोळ्यांनी पाहिले. पुढे परवाने आणि जनावरांच्या मर्यादा आल्या. या धोरणाचा राग इतका होता, की १९३५ मध्ये नवाहोंनी कॉलियर यांचा स्वयंशासनविषयक कायदा मतदानाने नाकारला.

एकाच सरकारचा एक हात कळपाच्या चित्राला उत्तेजन देत होता आणि दुसरा हात तो कळप संपवत होता. डन यांचे विद्यार्थी या धोरणाचे थेट चित्रण करताना दिसत नाहीत. ती त्या वर्गाची भाषा नव्हती. तरीही भरलेला कळप पुन्हा पुन्हा रंगवणे म्हणजे तो होता असे सांगणेच होते.

काही चित्रकार

हॅरिसन बीगे हे या शैलीचे सर्वांत परिचित नाव. लहानपणी शाळेतून पळून घरी येऊन त्यांनी काही वर्षे मेंढ्या राखल्या होत्या. १९३४ मध्ये ते स्टुडिओत दाखल झाले. विणणाऱ्या स्त्रिया, घोडेस्वार, हरणे आणि कळप हे त्यांचे विषय. रेषा अतिशय नाजूक, रंग सौम्य आणि वस्त्रांच्या चुण्या, चांदी-फिरोज्याचे दागिने, घोंगडीवरची नक्षी यांचा तपशील अचूक. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात सेवा करून आल्यावर त्यांनी सिल्क-स्क्रीन छपाईद्वारे आपली चित्रे स्वस्तात उपलब्ध केली. त्यामुळे ती असंख्य घरांत पोहोचली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. स्टुडिओच्या पहिल्या पिढीतील ते अखेरच्या काही चित्रकारांपैकी होते.

क्विन्सी ताहोमा यांची सुरुवातीची चित्रे अशीच शांत आहेत. नंतर त्यांत शिकार, पिसाळलेले घोडे, झुंज असा आवेग आला. त्यांची एक गंमतशीर खूण होती. सही म्हणून ते कोपऱ्यात एक चिमुकले चित्र काढत आणि त्यात मुख्य प्रसंगानंतर काय घडले ते दाखवत. स्वार वर चित्रात घोड्यावर असेल, तर सहीत तो खाली पडलेला दिसे. १९५६ मध्ये, ऐन उमेदीत, त्यांचा अंत झाला.

नार्सिसो अबेता यांची रेषा बीगे यांच्या अगदी उलट, वळणदार आणि वेगवान आहे. त्यांचे घोडे कागदाबाहेर धावत जातील असे वाटते. बीतिएन याझ यांनी अॅरिझोनातील वाइड रुइन्स येथील व्यापारी पेढीच्या परिसरात लहानपणीच चित्रे काढायला सुरुवात केली. त्यांच्या चित्रांसह १९४५ मध्ये निघालेल्या पुस्तकाने त्यांना अमेरिकाभर ओळख दिली. नवाहो भाषेतील सांकेतिक संदेशांनी पॅसिफिक महासागरातील युद्धात निर्णायक मदत करणाऱ्या सैनिकांत याझ यांचाही समावेश होता. ज्या भाषेबद्दल शाळेत शिक्षा होई, तीच भाषा युद्धात देशाला हवी झाली.

होक डेनेट्सोसी यांचे काम वेगळ्या प्रकारे मोलाचे आहे. १९४० च्या सुमारास अॅन नोलन क्लार्क यांनी लिहिलेली, मेंढ्या राखणाऱ्या मुलीच्या चार ऋतूंची वाचनपुस्तके इंग्रजी आणि नवाहो अशा दोन भाषांत प्रसिद्ध झाली. त्यांतली शाईची रेखाटने डेनेट्सोसी यांची. नवाहो मुलांना शाळेच्या पुस्तकात प्रथमच आपले घर, आपली आई, आपली शेळी दिसली.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या पिढीतील नामवंत नवाहो चित्रकार बहुतांशी पुरुष होते आणि त्यांच्या आवडत्या विषयांपैकी एक होता स्त्रियांचे विणकाम. स्त्रिया मागावर भौमितिक, अमूर्त आकृती विणत राहिल्या; त्यांच्या मुलांनी विणणाऱ्या हातांची चित्रे काढली. एकाच घरातल्या या दोन कला एकमेकींकडे पाहत होत्या.

भिंतीवरचा इतिहास

नित्यजीवनाचे चित्र इतिहासाच्या पातळीवर नेण्याचे काम जेराल्ड नेलर यांनी केले. १९४० मध्ये वॉशिंग्टन येथील गृहखात्याच्या इमारतीत त्यांनी भित्तिचित्रे रंगवली. अमेरिकेत हे खाते जमीन आणि आदिवासी व्यवहार पाहते. विणकामासाठी सूत तयार करणाऱ्या नवाहो स्त्रिया हा त्या चित्रांपैकी एकाचा विषय. कळप कमी करण्याचा आदेश ज्या खात्याचा, त्याच खात्याच्या भिंतीवर लोकर कातणारे हात उमटले.

नेलर यांचे सर्वांत मोठे काम अॅरिझोनातील विंडो रॉक येथे, नवाहो परिषदेच्या सभागृहात आहे. हे दगडी सभागृह १९३४-३५ मध्ये होगानच्या आकारात बांधले गेले. १९४२-४३ मध्ये नेलर यांनी त्याच्या आतील भिंतींवर 'नवाहो राष्ट्राचा इतिहास आणि प्रगती' ही चित्रमालिका रंगवली. शैली स्टुडिओचीच, रेषा तीच. पण इथे घटना एकापुढे एक उभ्या राहतात आणि रोजचे जगणे राष्ट्राच्या कथेचा भाग होते. नेलर यांचा १९५२ मध्ये अकाली मृत्यू झाला. २००४ मध्ये हे सभागृह राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाले.

साचा आणि त्यावरील आक्षेप

स्टुडिओ शैलीवर टीकाही बरीच झाली आणि ती अनाठायी नाही. 'अस्सल इंडियन चित्र' कसे दिसावे हे एका गोऱ्या शिक्षिकेने आणि गोऱ्या ग्राहकांनी ठरवले, हा मुख्य आक्षेप. मोठ्या डोळ्यांची हरणे आणि नाजूक झाडे पाहून काहींनी डिस्नेच्या चित्रपटावरून या शैलीला 'बाम्बी' असे हिणवले. चित्रांत मोटारगाडी नाही, दारिद्र्य नाही, शाळेचा गणवेश नाही. आदिवासी जणू काळाच्या बाहेर राहतात, असा समज त्यातून दृढ झाला. १९५८ मध्ये स्टुडिओचेच माजी विद्यार्थी, डकोटा चित्रकार ऑस्कर हाउ यांचे चित्र टल्सा येथील फिलब्रुक संग्रहालयाच्या स्पर्धेत 'पारंपरिक' नाही म्हणून डावलले गेले. त्यांनी निषेधाचे पत्र लिहिले आणि आदिवासी चित्रकाराच्या स्वातंत्र्याचा प्रश्न ऐरणीवर आला. १९६२ मध्ये त्याच सांता फेच्या आवारात 'इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्स' सुरू झाली आणि जुना साचा मागे पडला.

तरी साच्यातून आलेले सारेच खोटे ठरत नाही. नक्षीचा प्रकार, पाळण्याची बांधणी, टकळी धरण्याची पद्धत, घोड्याचे खोगीर हे तपशील चित्रकारांनी ऐकीव माहितीवर काढलेले नाहीत. ते त्यांच्या हाताखालून गेलेले होते. शैली शाळेने दिली असेल. आठवण मुलांची होती.

आजचे नित्यजीवन

पुढच्या पिढीत आर. सी. गोर्मन यांनी प्रसंग आणि तपशील वगळून घोंगडीत लपेटलेली एकटी नवाहो स्त्री मोजक्या, प्रवाही रेषेत उभी केली. कॅन्यन डी शे जवळच्या चिनले येथे जन्मलेले गोर्मन मेक्सिकोत शिकले. १९६८ मध्ये न्यू मेक्सिकोतील टाओस येथे त्यांनी स्वतःचे कलादालन काढले. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्त्रिया काही करत नाहीत. केवळ असतात, आणि त्या असण्यात वजन आहे.

शाँटो बीगे यांची चित्रे पुन्हा रोजच्या जगण्याकडे येतात, पण ते आजचे जगणे आहे. त्यात पिकअप ट्रक आहे, विजेचे खांब आहेत, लांबलचक रस्त्याकडेला गाडीची वाट पाहणारा माणूस आहे. स्टुडिओची मोकळी पार्श्वभूमी इथे नाही. लहान-लहान फटकाऱ्यांनी सारा पट भरून जातो. काळाच्या बाहेर ठेवलेला समाज या चित्रांत काळात परत येतो.

स्टुडिओच्या काळातील चित्रे आज सांता फे येथील म्युझियम ऑफ इंडियन आर्ट्स अँड कल्चर, फीनिक्सचे हर्ड म्युझियम, टल्साचे फिलब्रुक अशा संग्रहांत पाहता येतात. विंडो रॉकच्या भित्तिचित्रांचे मोल मात्र निराळे आहे. ती संग्रहालयात नाहीत. जमीन, पाणी, शाळा आणि चराई यांविषयी नवाहो प्रतिनिधी ज्या सभागृहात वाद घालतात, तिथे त्यांच्या चारी बाजूंना नेलर यांनी रंगवलेले पूर्वज उभे असतात. विधीचे चित्र मोडून टाकायचे असते. हे चित्र मात्र ठेवण्यासाठी काढलेले आहे.